व्याह्यांचे मचाण

मचाण हा शब्द माझ्या पिढीतील बहुतेकांना भेटला तो शिकारकथांच्या पुस्तकांतून. रात्र, पाणवठा, झाडावर बांधलेली खाट आणि श्वास रोखून बसलेला माणूस, एवढे चित्र त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे उभे राहते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकार बंद केली आणि मचाणे उरली ती बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटासारख्या जंगलांत पाणवठ्यावरचे प्राणी पाहणाऱ्या निसर्गप्रेमींपुरती. माझा मचाणाशी प्रत्यक्ष संबंध आला तो मात्र वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, आणि तोही आमच्या व्याह्यांमुळे.

माझी मुलगी त्या राज्यात सासरी आहे. तिचे सासरे आता ७७ वर्षांचे आहेत. आयुष्यभर गाई पाळून दूध विकलेले, हातापायांनी बळकट, बोलायला कमी. त्यांच्या घरी दिवाळी नाही, परंतु दिवाळीइतक्याच आतुरतेने ज्याची वाट पाहिली जाते असा एक काळ आहे. नोव्हेंबरमधील ‘थँक्सगिव्हिंग’च्या आधीच्या शनिवारी हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि त्या सणानंतरच्या रविवारी मिटतो. अवघे नऊ दिवस. शाळकरी पोरांपासून पणजोबांपर्यंत माणसे भगव्या-नारिंगी रंगाची जाकिटे घालून पहाटे रानात शिरतात. कमरेच्या वरचे निदान निम्मे कपडे अशा भडक रंगाचे असलेच पाहिजेत, असा तिथला नियम आहे, कारण माणसाला तो रंग लांबून दिसतो आणि हरणाला तांबडा-नारिंगी भाग नीट ओळखू येत नाही. मिळालेले मांस शीतपेटीत ठेवून वर्षभर पुरवले जाते. मी स्वतः शाकाहारी आहे आणि शिकारीचे समर्थन करण्यासाठी हा लेख लिहीत नाही. परवाना काढून, नियम पाळून केलेल्या त्या गोष्टीबद्दल व्याह्यांशी वाद घालण्याचे प्रयोजनही मला कधी वाटले नाही. मला काळजी होती ती हरणाची नव्हे, त्यांच्या शिडीची.

घरामागील रानात एका जुन्या ओक वृक्षाला १८ फुटांची लोखंडी शिडी टेकवलेली होती आणि तिच्या टोकाला एक माणूस बसेल एवढे आसन. तिथले लोक याला ‘लॅडर स्टँड’ म्हणतात. तीस वर्षे व्याही त्याच झाडावर बसत आले. त्यांच्या दोन्ही मुलांनी पहिले हरीण त्याच आसनावरून टिपले. मात्र गेल्या चार वर्षांत व्याह्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला गेला, हृदयाची लय अनियमित असल्याचे निदान झाले आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. त्यातच शेजारच्या वाडीतील एक गृहस्थ, वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, शिडीवरून आसनावर पाय टाकताना खाली आले. कमरेचा मणका चिरडला. आज ते चालतात, पण चौकटीच्या आधाराने.

तेव्हापासून घरात शीतयुद्ध सुरू झाले. धाकट्या मुलाने एक दिवस शिडीचा खालचा भाग सोडवून गोठ्यात लपवला. व्याह्यांनी तो शोधून पुन्हा जोडला आणि पंधरा दिवस त्याच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. आमच्या विहीणबाई दोघांवरही रागावल्या. “यांना घरात बसवाल तर मला सांभाळायला लागेल, आणि झाडावर चढू द्याल तरी मलाच,” असे त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. काळजी घेणाऱ्या माणसाची अडचण याहून नेमकी मी कुठे ऐकलेली नाही.

मी पस्तीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले आहे. त्या सप्टेंबरात मी लेकीकडे तीन महिन्यांसाठी गेले तेव्हा मुलांनी मला बाजूला घेऊन विनवले, “तुम्ही सांगा, तुमचे ते ऐकतील.” मी काही सांगितले नाही. ज्या माणसाला आयुष्यभर कोणी सांगितलेले नाही त्याला सांगून उपयोग नसतो. मी त्यांना एवढेच म्हटले, की तुमची शिडी मला दाखवा.

आम्ही गेलो. मचाण समजून घेण्याची माझी ती पहिली वेळ, आणि मला मान्य केले पाहिजे की त्यात बरेच शास्त्र आहे. झाडावर बसण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला ही शिडी, सर्वांत स्थिर. दुसऱ्यात पट्ट्यांनी किंवा साखळीने झाडाला टांगलेली लहानशी फळी असते आणि तिच्यापर्यंत पोहोचायला खोडाला वेगळ्या पायऱ्या बांधाव्या लागतात. तिसरा प्रकार दोन भागांचा. सरळ, फांद्या नसलेल्या खोडाला तो मिठी मारतो आणि माणूस एकदा हातांनी, एकदा पायांनी ते भाग वर सरकवत सुरवंटासारखा चढत जातो. तिसऱ्यासाठी खांदे आणि मांड्या तरण्या माणसाच्या लागतात. दुसऱ्यात शेवटचा पाय पायरीवरून फळीवर टाकण्याचा क्षण फार कठीण, कारण त्या क्षणी वजन एका पायावर असते आणि हाताला धरण्याजोगे थोडेच असते. मचाणावरून पडणारे पुष्कळ लोक बसलेले असताना पडत नाहीत, चढता-उतरताना आणि या संक्रमणाच्या क्षणी पडतात. न्हाणीघरात, पलंगावरून उतरताना, रिक्षात चढताना आपली ज्येष्ठ मंडळी जशी पडतात, तसेच हे आहे.

व्याह्यांच्या शिडीला झाडाशी बांधणारे नायलॉनचे पट्टे मी हाताने चाचपले. उन्हा-बर्फाने ते कडक आणि भुरकट झाले होते. एके ठिकाणी खारीने कुरतडले होते. झाड दरवर्षी जाड होते, पट्टा तेवढाच राहतो, त्यामुळे तो सालीत रुतून अतिशय ताणला गेला होता. असे पट्टे हंगाम संपला की सैल करायचे आणि दर एक-दोन वर्षांनी बदलायचे असतात. व्याह्यांनी माझ्या बोटाकडे पाहिले, पट्ट्याकडे पाहिले आणि खिशातून चाकू काढून तो तिथेच कापून टाकला. दुसरा पट्टा मात्र त्यांनी राहू दिला.

पडण्यापासून वाचवणारी साधने नाहीत असे नव्हे. सर्वांगाला बांधायचा हार्नेस असतो, आणि जमिनीपासून आसनाच्या वरपर्यंत सोडलेला एक दोर असतो, ज्यावर एक सरकती गाठ माणसासोबत वर चढते आणि झटका बसताच घट्ट आवळते. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत त्या दोराला जोडलेले राहायचे. चढताना दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात असे तीन आधार कायम ठेवायचे. बंदूक अंगावर घेऊन चढायचे नाही, ती रिकामी करून मागून दोरीने ओढून घ्यायची. तरुण शिकाऱ्याने एवढे पाळले तर तो पुष्कळ सुरक्षित असतो. परंतु हार्नेसमध्ये लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या मांड्यांना पट्टे काचतात, पायांत रक्त साचते आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय टेकवून उभे राहण्यासाठी एक जास्तीचा पट्टा जवळ ठेवतात आणि शक्य तितक्या लवकर शिडीवर परत यायचे असते. ७७ व्या वर्षी, बदललेल्या गुडघ्याने, जाड जाकीट आणि बूट घालून अंधारात हवेत झोके घेत शिडी पकडणे किती जमेल? शिवाय रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बाहेरून काही दिसत नसले तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. अशा माणसाला ‘बरे वाटते आहे’ म्हणून घरी बसवू नये, तपासणीला न्यावे. हे मी आपल्या वाचकांसाठीही मुद्दाम लिहिते आहे.

घरी आल्यावर मी व्याह्यांना जेवणाच्या मेजाजवळच्या खुर्चीवर बसवले, हात छातीवर घडी करायला लावले आणि म्हटले, “तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते पाहू.” ही चाचणी जगभर वापरली जाते. पंचाहत्तर ते एकोणऐंशी या वयातील पुरुषाकडून निदान ११ वेळांची अपेक्षा असते. त्याहून कमी असेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. ते ९ वेळा उठले. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, सरळ रेषेत उभे राहायला सांगितले. १० सेकंद हवेत. सहाव्या सेकंदाला त्यांनी मेज धरले. मी आकडे कागदावर लिहून कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि चहा करायला उठले. मुले काही बोलणार होती, त्यांना मी डोळ्यांनी थांबवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न सांगता चाचणी पुन्हा केली. विहीणबाई घड्याळ धरून उभ्या होत्या. १० आले. व्याही थोडा वेळ गप्प राहिले, मग गोठ्यात जाऊन मोजपट्टी घेऊन आले आणि मला म्हणाले, “उंची किती ठेवायची?”

तिथून पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातील मोठ्या आनंदाचे गेले.

जमिनीवर बसून लपायचे तर बाजारात तंबूसारखी कापडी लपणे मिळतात. आपले पक्षीनिरीक्षक ज्याला लपण म्हणतात तेच. मुलांना ते सोपे वाटले आणि थोरल्याने एक आणलेही. मी व्याह्यांना त्यात जाऊन-येऊन पाहायला सांगितले. दार एवढे बुटके की कमरेतून पूर्ण वाकावे लागे, आणि उंबऱ्याच्या जागी कापडाची पट्टी, जिच्यात बूट अडकणार हे ठरलेले. आतले घडीचे स्टूल जेमतेम चौदा इंच उंच. बदललेल्या गुडघ्याला एवढ्या खोल बसून तीन तासांनी उठायला लावणे म्हणजे दुखण्याला निमंत्रण. तंबू दुकानात परत गेला. मग ठरले ते लाकडी खोके, म्हणजे चार भिंती, छप्पर आणि अरुंद खिडक्या असलेली खोली. व्याह्यांना ती दहा फुटांवर हवी होती. उंचीवरून दूरवर दिसते, माणसाचा वास हरणांच्या डोक्यावरून निघून जाण्याची शक्यता वाढते, आणि गोळी खाली जमिनीकडे जाते म्हणून ती अधिक सुरक्षितही. तिन्ही मुद्दे खरे होते. परंतु शेताच्या पूर्व कडेला एक छोटा उंचवटा होता. त्यावर खोली बांधली तर उंचीचे काम जमीनच करणार होती. तळ चार फूट आठ इंचांवर ठेवायचे ठरले. त्याने सात-सात इंचांच्या आठ पायऱ्या झाल्या, घरातल्या जिन्यासारख्या, प्रत्येकीची रुंदी अकरा इंच, दोन्ही बाजूंना कठडा.

जागा निवडणे हे माझ्या अकलेच्या बाहेरचे काम, ते सर्वस्वी व्याह्यांचे. त्यांनी मला समजावून सांगितले ते असे. नोव्हेंबरात तिथे वारा बहुधा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. हरणे दिवसा ओकच्या रानात विसावतात आणि कापणी झालेल्या मक्याच्या रानात सांडलेले दाणे खायला येतात. रान पश्चिमेला, घर पूर्वेला. म्हणजे खोली पूर्वेकडे असली की वारा हरणांकडून आपल्याकडे येतो, आपला वास मागे घराकडे जातो, आणि घरातून चालत येतानाही हरणांना चाहूल लागत नाही. सकाळचे ऊन पाठीमागून येते, डोळे दिपत नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर समोरच्या उन्हाचा त्यांना फार त्रास होई, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा त्यांनी स्वतःहून पहिला मांडला होता. मात्र संध्याकाळी सूर्य समोर येणार. “संध्याकाळी मी घरी असेन,” ते म्हणाले. विहीणबाईंनी हे वाक्य मला दोनदा सांगितले.

दारावरून आमचा एकदा चांगलाच वाद झाला. दार बाहेर उघडले तर ते ओढताना माणसाला जिन्याच्या दिशेने मागे पाऊल टाकावे लागते. आत उघडले तर, आत चक्कर येऊन कोणी दाराला टेकून पडला, तर बाहेरून ते ढकलता येत नाही. आपल्याकडच्या लहान न्हाणीघरांत हीच अडचण मी कित्येक घरांत पाहिली आहे आणि दार फोडून माणूस बाहेर काढल्याच्या हकिकतीही ऐकल्या आहेत. शेवटी धाकट्या मुलाने गोठ्याच्या दारासारखे रुळावर सरकणारे दार बसवले. आतून कडी नाही. ज्यांच्या घरी न्हाणीघराची दुरुस्ती निघाली असेल त्यांनी सरकत्या दाराचा विचार अवश्य करावा. निदान कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी.

खुर्ची हातांची, वीस इंच उंच, फिरणारी. ती आधी ठेवली आणि मग व्याह्यांना तीत बसवून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत खिडक्या कापल्या. पुष्कळ लोक आधी खिडक्या कापतात आणि मग तीन तास मान वर करून बसतात. बंदूक टेकवण्यासाठी खिडकीच्या खाली जाड लाकडाची आडवी पट्टी लावली, त्यामुळे खांद्यावर भार येत नाही आणि हाताचा कंपही आडवा येत नाही. आतून भिंतींना काळा रंग दिला आणि मागची खिडकी झाकली, नाहीतर माणसाची आकृती उजेडात उठून दिसते. पायऱ्यांवर छपराच्या खरखरीत डांबरी पट्ट्या ठोकल्या, कारण पहाटेचे दहिवर गोठले की लाकडाची काच होते. घरापासून खोलीपर्यंतच्या वाटेवरची मुळे तोडली, ओली पाने झाडली आणि झाडांना कपाळाच्या उंचीवर चमकणाऱ्या टाचण्या टोचल्या. डोक्यावरच्या दिव्याचा झोत पडला की त्या एकामागून एक लुकलुकतात. हे सारे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपवले. हरणांना नव्या वस्तूची सवय व्हायला काही आठवडे लागतात. भिंतींना ओकच्या फांद्या टेकवल्या तरी पहिले काही दिवस माद्या लांबूनच मान ताणून खोलीकडे बघत, हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीने पाहिले आहे. त्या दिवसांत रानातून घरी आलो की एकमेकांचे कपडे आणि घोटे तपासण्याचा शिरस्ताही होता, कारण लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी तिथे शरद ऋतूतही जागत्या असतात.

मग राहिली थंडी. पहाटे उणे सात-आठ अंश सेल्सिअस. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर भार येतो. वय वाढले की थंडीची जाणीवही उशिरा होते. अंगाला चिकटून सुती कपडा नको, तो घामाने ओला झाला की सुकत नाही; लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा हवा. खोलीत गॅसची छोटी शेगडी ठेवण्याची तिथे पद्धत आहे आणि मला सर्वांत मोठी धास्ती तिचीच वाटली. बंद जागेत शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला वास नसतो, आणि त्याने येणारी डोकेदुखी, मळमळ, गुंगी म्हातारा माणूस थकवा समजून सोडून देतो. म्हणून दोन खिडक्या बोटभर उघड्या, भिंतीवर या वायूची सूचना देणारे घंटायंत्र, आणि डुलकी येऊ लागली की शेगडी बंद, असे तीन नियम ठरले. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून निजणाऱ्या आपल्याकडच्या घरांनाही ते तेवढेच लागू आहेत.

एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नव्हते, ती मीच काढली. व्याह्यांची सकाळची एक गोळी लघवी वाढवणारी. त्यामुळे ते पहाटे पाणीच पीत नसत आणि दोन तासांनी उठताना त्यांना भोवळ येई. त्यांनी डॉक्टरांना विचारून शिकारीच्या दिवसांत त्या गोळीची वेळ बदलून घेतली, आणि रुंद तोंडाची झाकणाची बाटली खोलीत ठेवली गेली. उठण्यापूर्वी घोट्यातून पाय वीस वेळा वर-खाली करायचे, मग उभे राहायचे, कठडा धरून दहापर्यंत मोजायचे आणि मगच पाऊल टाकायचे, हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा करवून घेतले की नातू त्याची नक्कल करू लागला.

शेवटचा करार लेखी झाला. नऊ वाजता आणि बारा वाजता मुलाला संदेश. संदेश आला नाही तर पंधरा मिनिटांत कोणीतरी खोलीकडे निघणार, आणि यावर व्याह्यांनी रागवायचे नाही. हरीण पडले तर ते ओढत आणायचे नाही, मुलांना बोलवायचे. पन्नास-साठ किलोंचे धूड बर्फाळ रानातून ओढणे हा हृदयविकाराच्या रुग्णासाठी पूर्ण दिवसातील सर्वांत धोक्याचा श्रम आहे, झाडावर चढण्यापेक्षाही. या कलमावर त्यांनी बराच वेळ सही केली नाही. “स्वतःचे हरीण स्वतः आणायचे असते,” ते म्हणाले. थोरला मुलगा, म्हणजे माझा जावई, तेव्हा शांतपणे बोलला, “बाबा, मी बारा वर्षांचा असताना माझे हरीण तुम्हीच ओढून आणले होते.” सही झाली.

मी हंगामात एक सकाळ त्यांच्यासोबत खोलीत बसले, नारिंगी जाकीट घालून, हातात काही न घेता. उजाडायच्या आधी अर्धा-पाऊण तास आम्ही पोहोचलो. त्या अंधारात बसून राहण्याचे काय सुख असते ते मला तोवर ठाऊक नव्हते. प्रथम काही दिसत नाही. मग आकाश आणि झाडे वेगळी होतात, मग एकेक झाड वेगळे होते, आणि ज्याला आपण केव्हापासून हरीण समजत होतो तो ओंडका निघतो. व्याही या काळात जवळपास हलले नाहीत. घरात दर दहा मिनिटांनी उठून फेऱ्या मारणारा, टीव्हीचे बटण दाबत राहणारा माणूस दोन तास एका जागी तृप्त बसलेला मी पाहिला. साडेसातच्या सुमारास एक मादी दोन पिलांसह मक्याच्या खुंटांत आली. त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. बोटाने फक्त माझे लक्ष डावीकडे वेधले. तिथे रानाच्या कडेला, तीस वर्षांच्या त्या ओकखाली, एक शिंगाळा नर उभा होता. फार लांब होता. तो तसाच आत वळला.

“वरून असता तर मिळाला असता,” ते कुजबुजले. मी काही म्हणाले नाही. ते खरेच होते. झाड गेले ते त्यांचे गेलेच, त्याची भरपाई वीस इंचांच्या खुर्चीने झाली असे मी म्हणणार नाही. थोड्या वेळाने त्यांनी नऊचा संदेश पाठवला, दोन मिनिटे आधीच.

हंगामाच्या सातव्या दिवशी, सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना एक हरीण मिळाले. मुलांनी ते ओढून आणले, व्याही मागून काठी टेकत आले आणि वाटभर दोघांना कसे ओढावे याच्या सूचना देत होते.

डिसेंबरात मी परत निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ओकवरची शिडी उतरवून घेतली. स्वतः खाली उभे राहून. सालीत रुतलेल्या पट्ट्याचा उरलेला तुकडा निघेना, तो झाडातच राहिला. शिडीचे तीन भाग गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवले आहेत. कोणाला द्यायचे का, असे जावयाने विचारले, तर उत्तर मिळाले नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारले नाही.

मार्चमध्ये विहीणबाईंचा फोन आला. सारस जातीचे क्रौंच दक्षिणेकडून परतले होते आणि त्या दोघांनी सकाळचा चहा खोलीत जाऊन घेतला होता. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की दुसरी खुर्चीही हातांची हवी, आणि खिडकी त्यांच्या डोळ्यांच्या मापाने तीन इंच खाली घ्यायला हवी. व्याही मोजपट्टी घेऊन बाहेर गेले आहेत, असे त्या म्हणाल्या.